मॅनेजरचं शेवटचं पाणी

आम्ही काय काम करतो असं कुणी विचारलं, की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघते आणि मग किती सांगायचं ते ठरवते. चेहरा नाजूक असेल तर "पाळीव प्राण्यांना निरोप देतो" एवढंच. धट्टाकट्टा असेल तर सरळ सांगते. मेलेलं कुत्रं, मांजर, ससा, जे काही असेल ते जाड पोलादी भांड्यात ठेवायचं, पाणी आणि कॉस्टिक सोडा घालायचा, झाकण आवळायचं आणि वाफेवर सहा तास तापवायचं. मांस, कातडी, केस, सगळं पाण्यात विरघळतं. जाळीच्या टोपलीत पांढरी हाडं तेवढी उरतात. ती वाळवून, दळून, डबीत घालून घरच्यांना द्यायची. धूर नाही, खड्डा नाही. मग पुढचा प्रश्न येतोच, "आणि ते पाणी?" ते पाणी गटारात जातं. इथे धट्टाकट्टा चेहरासुद्धा जरा पडतो.

पालिकेचाही पडला होता. त्यांच्याकडे जाळण्याचे नियम होते, पुरण्याचे नियम होते, विरघळवण्याचा नियमच नव्हता. अर्जात 'पद्धत' असं लिहिलेलं आणि पुढे दोनच चौकोन. पहिल्या वर्षी मी दोन्ही चौकोन सोडून कडेला हाताने 'पाण्याने' असं लिहिलं, तर कागद परत आला आणि सोबत लेखी विचारणा, की जनावर बुडवून मारता का? त्या कागदाला मी जे उत्तर लिहिलं होतं ते धाकटीने फाडून टाकलं आणि दुसरं, सभ्य उत्तर पाठवलं. तेव्हापासून सहा-सहा महिन्यांच्या तात्पुरत्या परवानगीवर आमचा गाडा चालला होता.

शेवटी मलनिःसारण खात्याने नियमावलीचा मसुदा केला आणि आम्हाला कळवलं, की आमच्या अधिकाऱ्यासमोर एक पूर्ण खेप करून दाखवा. पाणी नियमात बसलं तर कायमचा परवाना. नाही बसलं तर भांड्याला कुलूप, आणि चाचणी होईपर्यंत नवी खेप लावायची नाही.

आम्हाला म्हणजे मला आणि धाकटीला. धाकटी माझी बहीण, जनावरांची डॉक्टर, भिंतीपलीकडे तिचा दवाखाना आहे. आयुष्यभर जनावरं वाचवते आणि जी वाचत नाहीत ती माझ्याकडे पाठवते. मी भांडं चालवते. जागा बाबांची. तिथे चाळीस वर्षं त्यांची लॉन्ड्री होती, त्यामुळे बॉयलर, जाड गटाराची लाइन, उताराची फरशी, पाण्याच्या टाक्या, सगळं आम्हाला आयतं मिळालं. बाबा आता ऐंशीचे आहेत. लॉन्ड्री बंद होऊन दहा वर्षं झाली, पण ते अजून रोज सकाळी येऊन काउंटरमागच्या खुर्चीत बसतात आणि माझ्या कामात खुसपटं काढतात. माझं नळी धरणं चुकतं, माझं फरशी पुसणं चुकतं, माझं बॉयलर पेटवणं तर ते बघूच शकत नाहीत. मीही काही गप्प बसणारी नाही. आमचा दिवस असा मजेत जातो.

बाबांसोबत मॅनेजर यायचा. मॅनेजर म्हणजे कुत्रा. लॉन्ड्रीच्या शेवटच्या वर्षांत कुठून तरी आला आणि काउंटरखाली बसला तो बसलाच. गिऱ्हाईक आलं की उठायचं, कपड्यांचं गाठोडं हुंगायचं, हिशेब पटल्यासारखी मान हलवायची आणि परत जाऊन बसायचं. पगार तेवढा मागायचा नाही. चाचणीच्या तीन दिवस आधी तो त्याच काउंटरखाली, झोपेतच गेला. बाबांना वाटलं झोपलाय. दुपारी त्याच्यासाठी बिस्कीट ठेवलं आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं, तेव्हा कळलं.

आता मसुद्यात असं होतं, की चाचणीचं जनावर वीस ते तीस किलोचं असावं आणि म्हातारपणाने गेलेलं असावं, सुई देऊन झोपवलेलं नसावं. आमच्या शीतपेटीत तेव्हा एका घड्याळजीची मांजर होती आणि दोन ससे. तिघांची वजनं एकत्र केली तरी दहा किलो भरली नसती. मी आणि धाकटी एकमेकींकडे बघत राहिलो, पण विषय काढायची हिंमत दोघींचीही होईना. तो बाबांनीच काढला.

"मॅनेजरला घ्या," ते म्हणाले. "तो कामाला कधी नाही म्हणाला नाही."

मी त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. मसुद्याच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: फसलेल्या खेपेतलं सर्व काही, पाणी आणि हाडं दोन्ही, सीलबंद करून कारखान्यांच्या विषारी कचऱ्याबरोबर पाठवावं. म्हणजे चाचणी फसली तर परवाना तर जाणारच, पण मॅनेजरही रंगाच्या आणि ॲसिडच्या पिंपांबरोबर टँकरमध्ये जाणार. मी ती ओळ दहा वेळा वाचली आणि पान दुमडून ठेवलं. चाचणी फसणारच नाही, मग उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला, असं मी स्वतःला बजावलं.

ठरल्या दिवशी बरोबर आठ वाजता अधिकारी बाई आल्या. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, हातात एक पेटी आणि पेटीत मोजायची सगळी उपकरणं स्वतःची. "तुमचा तराजू असू दे, माझा वापरू," ही त्यांची पहिली ओळ. मॅनेजरचं वजन चोवीस किलो, असं मी म्हणाले. त्यांनी आकड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चोवीस पूर्णांक सहा." पाणी ऐंशी लिटर, असं मी म्हणाले. "ऐंशी पूर्णांक शून्य," त्या म्हणाल्या आणि तो शून्यही त्यांनी लिहिला. नऊ वाजेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांचं नाव दशांशबाई ठेवून टाकलं होतं.

बाबांनी मॅनेजरला टोपलीत ठेवलं, आम्हाला हात लावू दिला नाही. कान सरळ केला, शेपूट आत घेतली. मग मी झाकण आवळलं. दशांशबाईंनी झाकणाला सील लावलं आणि गटाराकडे जाणाऱ्या व्हॉल्व्हला दुसरं सील लावलं. दोन्हींवर सही केली, वेळ टाकली. मी वाफ सोडली.

सहा तास बसून राहणं हे माझ्या स्वभावात नाही. मी तीन वेळा फरशी पुसली. घड्याळजींचा फोन आला, ते रोज सकाळी करायचे, "आमच्या राणीचा नंबर कधी?" मी म्हटलं, "आज कळेल." त्यांनी विचारलं, "आज नक्की?" आणि मला एकदम जाणवलं, की हे नक्की काय ते मलाही माहीत नाही. चाचणी फसली तर त्यांच्या राणीला मी कुठे ठेवणार होते, तेही मला माहीत नव्हतं.

बाबा मात्र खूश होते. ऐकायला नवीन माणूस मिळालं होतं. ते दशांशबाईंना लॉन्ड्रीच्या गोष्टी सांगत बसले. प्रसूतिगृहाच्या चादरी त्यांच्याकडे यायच्या, दुपटी यायची. सोड्याने कपडा स्वच्छ निघतो, पण सोडा कपड्यात राहतो आणि बाळाच्या कातडीला झोंबतो. म्हणून शेवटच्या पाण्यात 'आंबट' घालायचं. हा बाबांचा शब्द. सिरक्यातलं जे आम्ल असतं तेच, पण कितीतरी जहाल, पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळायचं. त्या कोपऱ्यातल्या टाकीत शेवटचं पाणी तयार करायचं आणि पंपाने ते कपड्यांतून फिरवायचं. मग ओला कपडा मनगटाच्या आतल्या बाजूला धरायचा. झोंबला नाही की झालं.

"किती मिनिटं धरायचा?" दशांशबाईंनी विचारलं.

"झोंबत नाही असं कळेपर्यंत," बाबा म्हणाले.

त्यांनी हे लिहून घेतलं का, ते मला दिसलं नाही.

तीन वाजता वाफ बंद केली. भांडं निवलं, मग पाणी साठवण टाकीत सोडलं. गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखं पाणी आणि ओल्या साबणाचा वास; चरबी आणि सोडा मिळून साबणच होतो त्याचा. साठवण टाकी म्हणजे बाबांची तीच कोपऱ्यातली जुनी टाकी, आम्ही फक्त पाइप बदलले होते. ह्याच टाकीत पाण्याचा सामू नीट करायचा असतो. सामू म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की सोड्याकडे, त्याचा आकडा. सात म्हणजे मधोमध. नियमाप्रमाणे सहा ते नऊच्या मध्ये हवा. आमचा निघाला साडेअकरा, तो नेहमीच तसा निघतो. मी मोजून आम्ल घातलं, ढवळलं, लिहिलं, परत घातलं, परत लिहिलं. दशांशबाईंनी आपली मोजायची कांडी पाण्यात बुडवली.

"आठ पूर्णांक दोन."

माझा जीव भांड्यात पडला. खरं तर आमच्या धंद्यात हा वाक्प्रचार वापरायचा नाही असा धाकटीचा दंडक आहे, पण पडला तो पडलाच.

"तापमान बावन्न पूर्णांक चार," दशांशबाई पुढे म्हणाल्या. "चाळीसच्या खाली आलं की शेवटचं मोजमाप. तोवर मला तुमच्या दोन वर्षांच्या नोंदवह्या दाखवा."

आम्ही मागच्या खोलीत गेलो. नोंदवह्यांत माझं अक्षर आणि माझा राग दोन्ही दिसत होते, काही ठिकाणी पेन कागदाच्या आरपार गेलं होतं. त्या एकेक पान उलटत गेल्या. तासाभराने आम्ही परत आलो, तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते आणि त्यांचा चेहरा काम उरकलेल्या माणसासारखा निवांत होता.

दशांशबाईंनी टाकीचं झाकण उचललं आणि थांबल्या. मीही वाकून बघितलं. पाण्यावर पांढरट, तेलकट साय आली होती, सगळीकडे गुठळ्या. त्यांनी कांडी बुडवली. आकडा खाली गेला, आणखी खाली गेला आणि थांबला.

"चार पूर्णांक नऊ."

 "तुमची कांडी बिघडलीय," मी म्हणाले. त्यांनी दुसरी कांडी काढली. ती पण चार पूर्णांक नऊच म्हणाली. मी आम्ल मोजताना चुकले का? भांड्याचं वजन वजा करायचं राहिलं का, आम्ल दोनदा घातलं का? मी नोंदवही चाळू लागले. दशांशबाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"साबण फुटलाय," माझ्या मागून बाबा म्हणाले. टाकीत वाकून ते गुठळ्यांकडे बघत होते. "आंबट जास्त झालं की साबण फुटतो. एवढं कसं झालं? मी तर एकच कॅन ओतला."

मी मागे वळले. त्यांच्या खुर्चीच्या पायाशी जवळजवळ रिकामा कॅन होता, लॉन्ड्रीच्या काळातला, वरचं लेबल पिवळं पडलेलं. हा माणूस दहा वर्षं तो कॅन कुठे जपून ठेवून होता देव जाणे.

"बाबा, तुम्ही काय केलंत?"

"शेवटचं पाणी. तू विसरली होतीस."

मग मी जे बोलले ते मला आठवलं की अजून लाज वाटते. दोन वर्षं मी झिजतेय, म्हणाले, आणि तुम्ही एका कॅनमध्ये सगळं घालवलंत. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? परवाना गेला, म्हणाले. आणि राग एकदा सुटला की माझ्या हातात राहत नाही, म्हणून ती दुमडलेल्या पानावरची ओळसुद्धा तोंडातून गेली. "आता तुमचा मॅनेजर टँकरमध्ये जाईल. विषारी कचऱ्यात. हाडंसुद्धा मिळणार नाहीत."

आवाज ऐकून धाकटी धावत आली आणि दारातच थबकली. बाबा टाकीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले, आणि मला एकदम दिसलं, की त्यांचे हात किती बारीक झालेत. माझा राग तिथेच विरला. उरली ती नुसती भीती.

"आजोबा," दशांशबाई म्हणाल्या, "हे का ओतलंत? मला कारणाच्या रकान्यात लिहायचंय."

"झोंबू नये म्हणून."

"कुणाला?"

"मॅनेजरला. सहा तास सोड्यात होता तो."

"पण तो ह्या टाकीत नाही. तो त्या भांड्यात आहे. इथे नुसतं पाणी आहे."

बाबांनी टाकीकडे बघितलं, मग भांड्याकडे, मग मधल्या पाइपाकडे. "पंपाने परत जातं ना इथून," ते म्हणाले. "कपड्यांतून फिरतं."

"आता नाही जात, बाबा," धाकटी हळूच म्हणाली. "ताईने पंप काढलाय. दोन वर्षं झाली."

बाबा खुर्चीत बसले. "मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. खरंच कुणी सांगितलं नव्हतं. फरशी कशी पुसावी यावर मी त्यांच्याशी रोज अर्धा तास भांडत होते, पण त्यांच्या टाकीचं आता काय काम आहे हे सांगायला मला कधी वेळ झाला नव्हता.

दशांशबाईंनी लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: आम्ल, ४.८ लिटर. कारण: झोंबू नये म्हणून. मग त्यांनी मसुदा उघडला आणि शेवटचं पान काढलं. मी डोळे मिटले.

"फसलेली खेप," त्या वाचू लागल्या, "म्हणजे जिचं पाणी व्हॉल्व्ह उघडताना मर्यादेबाहेर असेल ती." त्यांनी वर बघितलं. "व्हॉल्व्ह उघडलाय का?"

"नाही," मी म्हणाले.

त्या उठल्या, व्हॉल्व्हपाशी गेल्या, आपलं सील बोटाने ओढून पाहिलं, सहीवर नख फिरवलं. "सील शाबूत आहे. एक थेंबही बाहेर गेलेला नाही. साठवण टाकी असते कशाला? चूक झाली तर ती इथेच अडावी म्हणून. टाकीच्या झाकणाला सील लावायचं मसुद्यात नव्हतं, आणि मला सुचलं नाही. ती चूक माझी." पेन परत उघडलं. "सामू वर आणा. काय घालता ते माझ्यासमोर मोजा आणि लिहा."

 धाकटीने मला कोपर मारलं तेव्हा मी हलले.

"बाबा," मी म्हणाले, "उठा. साबण फुटला तर परत कसा जुळवायचा ते तुम्हालाच ठाऊक."

"अंदाजाने थोडा थोडा सोडा घालायचा."

"अंदाज नाही. तराजू."

"तराजूने अंदाज थोडाच येतो?" पण ते उठले होते.

ते सांगत गेले, मी मोजत गेले, दशांशबाई लिहीत गेल्या. शंभर ग्रॅम, ढवळ. शंभर ग्रॅम, ढवळ. गुठळ्या हळूहळू विरघळत गेल्या. बाबा कांडीकडे बघतच नव्हते, पाण्याकडे बघत होते. "बस," ते म्हणाले. दशांशबाईंनी कांडी बुडवली.

"सात पूर्णांक चार. तापमान अडतीस पूर्णांक नऊ." त्यांनी व्हॉल्व्हचं सील कात्रीने कापलं. "सोडा."

मी व्हॉल्व्ह फिरवला. पाणी गडगडत गटारात गेलं. असला गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. धाकटी माझ्या गळ्यात पडली आणि मी रडले, चांगलं नाक लाल होईस्तोवर रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. बाबा दशांशबाईंना विचारत होते, "म्हणजे मॅनेजर आमच्याकडेच ना?"

"तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. आणि मग, पेटी आवरता आवरता, थांबल्या. "आजोबा झोंबण्याचं म्हणाले ते मला अजून खटकतंय. भांडं उघडा बघू."

उघडलं. टोपलीत हाडं होती, पांढरीशुभ्र. आम्ही ती नेहमी दोनदा साध्या पाण्याने धुतो, तशी धुतली. दशांशबाईंनी ओल्या हाडाला सामूची कागदी पट्टी चिकटवली. पट्टी निळी झाली. त्यांनी ती रंगांच्या तक्त्याशी लावली, एकदा, दोनदा.

"दहाच्या वर. पट्टीला दशांश कळत नाहीत," त्या म्हणाल्या, जरा वैतागूनच. "पाण्याची आपण एवढी तपासणी केली. हाडांबद्दल मसुद्यात एक अक्षर नाही. हे लोकांच्या हातात जातं."

मला एकदम वर्षापूर्वीची शिंपीणबाई आठवली. तिच्या बोक्याची डबी ती घेऊन गेली होती आणि चार दिवसांनी फोन करून म्हणाली, की मी ती रोज उघडते, बोट फिरवते, आणि बोटं चुरचुरतात. मी तिला म्हटलं होतं, रडून रडून तसं वाटतं, जाईल हळूहळू. मोठ्या समजूतदार आवाजात म्हटलं होतं. आता मला तो आवाज आठवून कसंतरीच झालं.

"आंबट कुठे घालायचं ते चुकलं माझं," बाबा म्हणाले. "घालायचं होतं, हे काही चुकलं नव्हतं."

त्यांनी एक घमेलं मागितलं. रिकाम्या कॅनच्या तळाशी अजून थोडं आंबट उरलं होतं, ते त्यांनी भरपूर पाण्यात मिसळलं. दशांशबाईंनी तेही मोजलं, बाबांनी मोजू दिलं. मग त्यांनी मॅनेजरची हाडं एकेक करून घमेल्यात ठेवली आणि हाताने पाणी हलवत राहिले, जसं दुपटं खळबळावं तसं. बऱ्याच वेळाने एक हाड बाहेर काढून त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूला धरलं.

"नाही झोंबत," ते म्हणाले.

दशांशबाईंनी पट्टी लावली. सात. मग त्यांनी घड्याळ काढून ठेवलं, बाही वर केली आणि आपलं मनगट पुढे केलं. बाबांनी ते हाड त्यांच्या मनगटावर टेकवलं. त्या किती वेळ तशा उभ्या होत्या ते मी मोजलं नाही, आणि त्यांनीही नाही.

परवाना दीड महिन्याने आला, नियमावली सोबत. घड्याळजींची राणी आणि दोघे ससे त्याआधीच तात्पुरत्या परवानगीत उरकले होते. बाबांनी भिंग घेऊन नियमावली पहिल्या पानापासून वाचली. नियम नऊ: नोंदवहीत लिहिल्याशिवाय साठवण टाकीत कोणीही, कोणत्याही हेतूने, काहीही ओतू नये. "हे 'कोणत्याही हेतूने' माझ्यासाठी घातलंय," ते म्हणाले, आणि मी म्हटलं, "मग काय माझ्यासाठी?" नियम बारामध्ये असं होतं, की हाडं घरच्यांना देण्याआधी सौम्य आम्लाच्या पाण्यात धुवावीत, सामू सातवर आला की नोंद करावी. सरकारी कागदात ह्याला काहीतरी लांबलचक नाव असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं. नोंदीच्या नमुन्यात रकान्याचं नाव होतं 'शेवटचं पाणी', आणि पुढे 'देणाऱ्याची सही'.

त्या रकान्यात सही बाबा करतात. आता त्यांना कामावरून हलवायची सोय उरलेली नाही.

त्याच आठवड्यात मी शिंपीणबाईकडे गेले. दुकानात ती एकटीच होती, तोंडात टाचण्या. मी म्हटलं, "तुमची बोटं चुरचुरत होती ते खरं होतं. मी चुकीचं सांगितलं." तिने टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती आत गेली आणि डबी घेऊन आली, रुमालात गुंडाळलेली.

बाबांनी ती पूड एका पातळ, धुतलेल्या सुती फडक्यात बांधली आणि घमेल्यात धरली. ती समोरच्या खुर्चीत बसून होती, आपल्याच बोटांकडे बघत. ओली पुरचुंडी बाबांनी आधी स्वतःच्या मनगटाला लावली, मग तिच्यापुढे धरली.

तिने बोट ठेवलं. जरा वेळ ठेवलं. मग सगळा तळहातच ठेवला.